थकलेल्या हातांसाठी गोधडी

दीर्घकालीन थकव्यात श्रमाची किंमत पुष्कळदा लगेच मोजावी लागत नाही. ती १२ ते ४८ तासांनी, म्हणजे आपण काय केले हे विसरल्यावर, वसूल होते. म्हणून छंद निवडताना आवडीइतकाच एक प्रश्न महत्त्वाचा आहे : हे काम कोणत्याही क्षणी थांबवता येते का? जलरंगाचा ओला थर सुकण्याआधी पुरा करावा लागतो, मातीही वाट पाहत नाही. गोधडीचा धावदोरा मात्र कुठल्याही टाक्यावर सोडता येतो, आणि त्यात मोजदाद नसल्याने डोके जड असतानाही हात चालतो.

(थकव्यामागे पंडुरोग, थायरॉइड किंवा ब-१२ची कमतरता असू शकते, तपासणी आधी करून घ्यावी.)

कापडासाठी दादर किंवा मंगळदास मार्केट गाठू नये. लोकलचा तो एक प्रवास दिवसभराची ताकद खाऊन टाकतो, आणि खरे तर घरातली जुनी सुती साडीच उत्तम, कारण वारंवार धुऊन मऊ झालेल्या कापडातून सुई सहज जाते व बोटे दुखत नाहीत. सहा इंचांचे चौकोन घरच्या कुणाकडून कापून घ्यावेत. कात्री चालवणे शिवण्यापेक्षा जास्त थकवते. पाच-सहा सुयाही दोरा ओवून तयार ठेवाव्यात. दोन पदरी चौकोन पुरेसा आहे, जाड थर लावू नयेत.

बसल्यावर चक्कर येत असेल तर लोडाला टेकून, कोपरांखाली उशा घेऊन शिवावे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांचा गजर लावावा आणि तो वाजताच, विशेषतः बरे वाटत असताना, सुई खाली ठेवावी. मला स्वतःला हे सर्वांत कठीण गेले, कारण चांगल्या दिवशी हात थांबायला तयार नसतो. पुढचे दोन दिवस नीट गेले नाहीत तर वेळ निम्मी करावी. ठरावीक वेळापत्रकाने वेळ वाढवत नेण्याचा हट्ट नको : एमई किंवा सीएफएस या दीर्घकालीन थकव्याच्या आजारात टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याच्या उपचाराची शिफारस उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०२१ मध्ये मागे घेतली.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत सुया गंजतात आणि कापडावर डाग पडतात, म्हणून सामान घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. थांबताना सुई अर्ध्या टाक्यात खोचूनच कापड घडी करावे, म्हणजे पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची याचा विचार करावा लागत नाही.