कपात सूचना देताय? या चुका टाळा

मार्चमध्ये विधानभवनात विभागांच्या मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमा, चर्चेला येऊ लागल्या की आमदारांच्या सहायकांची धांदल उडते. रात्री उशिरा टाइप केलेल्या कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असे प्रस्ताव, सकाळी विधानमंडळ सचिवालयात जातात. त्यातल्या काही बाद होतात आणि मुद्दा खरा असूनही सभागृहात येतच नाही. लोकांचं गाऱ्हाणं असं कागदावरच विरलेलं पाहिलं की जीव तुटतो.

सगळ्यात जास्त नडते ती खातं चुकण्याची चूक. मुंबईचा मतदार लोकल, रस्ता, दवाखाना सगळं एकाच आमदाराला सांगतो. पण लोकल केंद्राची. केईएम महापालिकेचं, त्याचा खर्च पालिकेच्या अर्थसंकल्पात. जे. जे. मात्र राज्य सरकारचं, म्हणून तिथल्या खाटांचा प्रश्न वैद्यकीय शिक्षणाच्या मागणीवर घेता येतो. सूचना लिहिण्याआधी तो खर्च कोणत्या मागणीत दाखवलाय ते अर्थसंकल्पाच्या पुस्तकात बोट ठेवून बघा.

दुसरी चूक ‘निधी वाढवा’ असं लिहिण्याची. संविधानाच्या अनुच्छेद २०३ नुसार विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. निधी अपुरा आहे हेच सांगायचं असेल, तरी मागणी १०० रुपयांनी कमी करा अशीच सूचना द्यायची आणि गाऱ्हाणं भाषणात मांडायचं. गळक्या वसतिगृहासाठी ‘मागणी १ रुपयावर आणा’ लिहू नका. लोकसभेच्या नियमांत मागणी १ रुपयावर आणणं म्हणजे त्या मागणीमागचं धोरणच नामंजूर. तिथे पर्यायी धोरण सांगायची तयारी लागते. खर्च खरोखरच जास्त वाटत असेल, तर किती रक्कम कापायची ते नेमकं लिहा.

एका सूचनेत एकच विषय. युक्तिवाद, टोमणे, कुणावर आरोप नकोत. न्यायप्रविष्ट बाब नको. राज्यपालांचं वेतन, कर्जावरचं व्याज हा भारित खर्च, त्यावर मतदान नसतं, म्हणून त्यावर कपात सूचनाही नको.

आणि दिवस बघा. मुदत संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. तुमची मागणी त्यात सापडली तर सूचनेवर बोलायला वेळच मिळत नाही. म्हणून सगळी ताकद एकाच विभागावर लावू नका; आधी चर्चेला येणाऱ्या मागण्यांवरही सूचना द्या. आणि त्या वेळी साहेब मतदारसंघात नव्हे, सभागृहात आहेत याची खात्री करा. सूचना त्यांनीच मांडायची असते.