घाटावरून कोकणात आलेल्यांसाठी: परसातला हिरवा मसाला आणि त्याची साठवण

घाट उतरून कोकणपट्टीत राहायला आलेल्या मंडळींचा परसातला पहिला पावसाळा बहुधा वाया जातो, कारण देशावर पाणी जपण्याची सवय लागलेली असते आणि इथे ते वाहून जाण्याची सोय आधी करावी लागते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. म्हणून मिरगाची सर येताच धने पेरू नयेत. उगवण होते, पण झडीत रोपे कुजतात आणि उरलेली गोगलगायी खातात. धने रगडून, त्यांची दोन दळे करून दसऱ्यानंतर पेरावेत आणि पुढे माघापर्यंत दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरत राहावे. वाफ्याला कुंपण हवेच. शेजारच्या कोंबड्या भुसभुशीत माती उकरणारच, आणि त्यावरून शेजाऱ्याशी वाकडे घेणे कोकणात परवडत नाही.

कढीलिंबासाठी कातळात खड्डा खणू नये. तो पावसात हौदासारखा भरतो आणि मुळे सडतात. जांभ्याचे चिरे रचून, त्यांत माती आणि शेणखत भरून केलेल्या उंचवट्यावर रोप लावावे. पुण्या-मुंबईहून आलेली आपली मंडळी दिवाणखान्यातून दिसाव्यात म्हणून कुंड्या समुद्राच्या बाजूला मांडतात आणि खाऱ्या वाऱ्याने पाने करपली की रोपवाटिकेला दोष देतात. खरी जागा मागीलदारी, घराच्या आडोशाला, न्हाणीच्या पाण्याजवळ. गवती चहा, पानओवा आणि पुदिना तिथे फारशी देखभाल न करता वाढतात.

साठवणीबाबत मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते, कारण दरवर्षी कोणाच्या तरी घरी वर्षाची बेगमी याच कारणाने उकिरड्यावर जाते: वाळवण संध्याकाळी गोळा करू नये. देशावर दिवसभर वाळवून उन्हे कलल्यावर चादर गुंडाळली तरी चालते. इथे मे महिन्यातही दुपारी चुरचुरणारे कढीलिंबाचे पान समुद्राकडच्या दमट वाऱ्याने दिवेलागणीपर्यंत पुन्हा लवचीक होते आणि त्याच स्थितीत बरणीत गेले की श्रावणात झाकण उघडताच बुरशीचा वास येतो. पाने सावलीत वाळवावीत, शेवटचे थोडे ऊन द्यावे, भर दुपारी ती आत आणावीत, जरा निवू द्यावीत आणि लगेच कोरड्या काचेच्या बरणीत भरावीत. बरणी एक रात्र उघड्यावर न ठेवता घरातच ठेवून सकाळी पाहावी; काचेला आतून दव धरले असेल, तर पाने पुन्हा वाळवावीत, आणि ऊन नसेल तर मंद आचेवर तव्यात परतावीत. हे सारे मिरगाआधी उरकले पाहिजे. पावसाळ्यात मोठी बरणी वारंवार उघडू नये; आठवड्यापुरते लहान डब्यात काढून घ्यावे, आणि ओला चमचा आत घालणाऱ्याला घरातल्या सर्वांनी बोलावे.

कोथिंबीर वाळवून तिचा सुगंध टिकत नाही. मीठ घालून तिचे वाटण गोठवता येते, पण सगळी भिस्त फ्रीजवर ठेवू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती.

तिरफळ हा माशांच्या आमटीत घालायचा इथला मसाला; त्याचे काटेरी झाड लावून वाट पाहत बसण्यापेक्षा ज्याच्या परड्यात ते आहे त्याच्याकडे मागावे. इथली माणसे विचारल्याशिवाय सल्ला देत नाहीत, मात्र मागितल्यावर पिशवी भरून देतात. तिरफळे उन्हात तडकली की आतली काळी बी टाकून फक्त साल ठेवावी आणि बांगड्याच्या आमटीत ती वाटून न घालता किंचित ठेचून घालावी.