प्लवकांचं मॉडेल: नकाशा जुळला म्हणून चहा मागवू नका

प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, बहुतेक सूक्ष्म जीव; त्यांची वाढ संगणकावर मांडतं ते आमचं मॉडेल. उपग्रहाचा नकाशा आणि मॉडेलचा नकाशा शेजारी ठेवले, दोन्हीकडे अरबी समुद्र सारखाच हिरवा निघाला, की अंधेरीतल्या आमच्या छोट्या गटात लगेच चहा येतो. मी तेव्हा विचारते, खाणाऱ्यांचं काय?

वनस्पतीप्लवक मंद वाढले आणि प्राणीप्लवकांनी त्यांना हळू खाल्लं, किंवा दोन्ही झपाट्यानं झालं, तरी शिल्लक हिरवं तेवढंच राहू शकतं. आजच्या हवामानात फरक कळत नाही. पाणी तापवलं की बिंग फुटतं, कारण वाढ आणि चरणं तापमानाला सारखाच प्रतिसाद देतात असं नाही. म्हणून साठा पाहून थांबू नका. चरण्याचा दर, उत्पादन आणि 100 मीटरखाली बुडणारा कार्बनही तपासा. जगभरातलं सागरी उत्पादन वर्षाला साधारण 50 अब्ज टन कार्बनच्या आसपास यायला हवं. एखादा गट पार नामशेष होत असेल, तर चरण्याचं सूत्र बघा: शिकार विरळ झाल्यावर खाणं पुरेसं मंदावतंय का?

उपग्रह मोजतो ते क्लोरोफिल, म्हणजे पेशीतलं हिरवं रंगद्रव्य; ते म्हणजे प्लवकांचं वजन नव्हे. उजेड कमी झाला की तीच पेशी जास्त क्लोरोफिल बनवते. त्यात आपला पावसाळा! ढगांखालचं उपग्रहाला दिसत नाही, मॉडेलला मात्र रोजचं दिसतं. तुलना करताना मॉडेलचेही निरभ्र दिवसच घ्या.

दक्षिण महासागर गच्च हिरवा झाला? बहुधा लोहाची टंचाई धरायला विसरलात.

मॉडेलमध्ये प्लवकांचे किंवा पोषकद्रव्यांचे ऋण (शून्याखालचे) आकडे आले की ते शून्य करून टाकण्याचा मोह होतो. मीही केलाय. काही वर्षं चालवल्यावर समुद्रात नायट्रोजन आपोआप वाढत गेला! आधी बाहेरची आवक-जावक बंद करा, एकूण नायट्रोजनची बेरीज स्थिर राहते का पाहा, मग प्रवाहानं पदार्थ वाहून नेणारी गणितपद्धत बदला.

खोल पाण्याला स्थिरावायला हजारो वर्षं लागतात. मॉडेल तेवढं लांब चालवणं परवडत नसेल, तर तेच मॉडेल तापमानवाढीविना आणखी एकदा चालवा आणि त्यात आपोआप येणारा कल मूळ निकालातून वजा करा.

जुहूला रात्री लाटा निळ्या चमकल्या की ‘मॉडेलमध्ये दिसलं का?’ असं हमखास विचारतात. मॉडेलच्या जाळीतल्या एक अंशाच्या चौकोनाची बाजू सुमारे 110 किलोमीटर; त्यात मुंबई आणि अलिबाग एकत्र मावतात. शिवाय उत्तर अरबी समुद्रातला हिरवा नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव पोटात शैवाल पाळतो आणि शिकारही करतो. ‘वनस्पती’ आणि ‘प्राणी’ असे दोनच कप्पे केलेत, तर तो कुठे टाकणार?