ऑनलाइन कॉन्फरन्स: व्हिडिओ अपलोड केला म्हणजे सुटलो नाही

शिवाजी विद्यापीठात पीएचडीला नुकतं नाव नोंदवलेले विचारतात, ऑनलाइन कॉन्फरन्सला काही अर्थ असतो का? असतो, आणि आपल्यासारख्यांना जास्तच. 2020 मध्ये मशीन लर्निंगची मोठी आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स आयसीएलआर इथिओपियात आदिस अबाबाला व्हायची होती, ती पूर्ण ऑनलाइन झाली. भूविज्ञानाची व्हिएन्नातली ईजीयूही तशीच. व्हिसा नाही, तिकीट नाही. राजारामपुरीतल्या खोलीत बसून ज्यांचे पेपर वाचतो त्यांनाच प्रश्न विचारायचा. इंडियन सायन्स काँग्रेस मात्र 2021 आणि 2022 मध्ये भरलीच नाही, थेट जानेवारी 2023 ला नागपुरात.

आता जिथं मी अडकलो ते. भाषण आधी रेकॉर्ड करून पाठवायचं असतं. ते पाठवलं की वाटतं, झालं. पण तिथला जीव प्रश्नोत्तरांच्या सेशनमध्ये असतो आणि त्याची वेळ आयोजकांच्या घड्याळाप्रमाणे लागते. कार्यक्रमपत्रिकेत ‘14 जुलै, संध्याकाळी 6, न्यूयॉर्क’ लिहिलं असेल तर आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, आणि तारीख 15. तेच सेशन डिसेंबरमध्ये असेल तर साडेचार, कारण तिकडे हिवाळ्यात घड्याळ तासभर मागे घेतात. आपण घेत नाही. त्यात आपली वेळ जागतिक वेळेच्या (यूटीसी) साडेपाच तास पुढे, त्यातला तो अर्धा तास हिशेबात हमखास विसरतो. आयसीएलआरने 2020 ला प्रत्येक पेपरला वेगवेगळ्या वेळी दोन सेशन दिली होती, म्हणजे कुणालाच दोन्ही वेळा रात्र जागायला नको. सगळे एवढा विचार करत नाहीत. पेपर स्वीकारल्याचा मेल आला की त्याच दिवशी आयोजकांना लिहा: आम्ही भारतात आहोत, आमची वेळ बदलून मिळेल का? बऱ्याचदा मिळते. शेवटच्या आठवड्यात विचारलंत तर कुणी दाद देणार नाही.

याबाबतीत गाईडवर विसंबू नका. रागावू नका, पण अनेकांचा ऑनलाइन अनुभव म्हणजे लॉकडाऊनमधले वेबिनार: फॉर्म भरा, ई-सर्टिफिकेट घ्या. तसल्या सर्टिफिकेटांची फाईल जाड करण्यात वर्ष घालवलेले लोक मी पाहिलेत. त्यांना त्या विषयातला एकही माणूस ओळखत नाही.

सेशनला दोनच जण आले तर खट्टू होऊ नका. तेवढे आले म्हणजे त्यांना तुमच्या कामात खरंच रस आहे. इंग्रजी अडखळतं? चॅटमध्ये लिहा, तिथं उच्चार कुणी ऐकत नाही. आलेल्यांचे ईमेल मात्र तिथल्या तिथं उतरवून घ्या, कारण कॉन्फरन्स संपल्यावर पोर्टल कधी बंद होईल सांगता येत नाही.

आणि जुलैत सेशन असेल तर वायफायच्या भरवशावर राहू नका. पावसात लाइट जाणारच. मोबाईलचा डेटा, पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप आणि स्लाइडची पीडीएफ एखाद्या सहलेखकाकडे, एवढं आदल्या रात्रीच करून ठेवा.