कॅबर्नेची जुनी-नवी सालं गोव्यात चाखायची तर

गोव्यात बाटली स्वस्त मिळते म्हणून आपण खूश असतो, पण जुनी कॅबर्ने (त्या नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाईन) घेताना लेबलवरच्या सालाआधी विचारायचं ते हे की ही इतकी वर्षं होती कुठे. इथला मे महिना एसीशिवाय दोनदा काढला की तरुण रेडसुद्धा म्हातारी दिसायला लागते, आणि मग टेबलावर सगळे माना डोलवतात, वा काय मुरलीय म्हणून, अहो ती शिजलीय! मुरलेली कुठली आणि शिजलेली कुठली हे जिभेला कळायला लागलं की व्हिंटेज, म्हणजे वेगवेगळ्या काढणीची सालं, चाखण्यात खरी मजा.

बाटल्या जमवताना शक्यतो एकाच वाईनरीचं एकच लेबल, फक्त सालं वेगळी. ते नाही जमलं तर निदान एकच भाग धरा, कारण कॅलिफोर्नियातल्या नापाची 2019 आणि फ्रान्सच्या मेडॉकची 2005 शेजारी ठेवली तर जो फरक लागेल तो वयाचा की मातीचा हे कोणालाच सांगता येणार नाही. बोर्दोच्या मेडॉकमध्ये कॅबर्ने सोव्हिन्यॉ पुढे असते, सोबत मर्लो, कॅबर्ने फ्रँक, थोडी पती व्हर्दो ही दुसरी द्राक्षं. तिथली लागोपाठची दोन सालंही खूप शिकवतात. 2009 गरम गेलं, वाईन भरलेली, मऊ, लगेच आवडणारी. 2010 ला अ‍ॅसिड आणि टॅनिन (तोंड आवळणारा तुरटपणा) दोन्ही तगडी, ती अजून ताठ बसलेली असते. 2013 थंड आणि पावसाळी, त्या सालाच्या बऱ्याच बाटल्या पातळ निघतात. आपली नाशिकची घेतली तर एक लक्षात ठेवा, आपल्याकडे काढणी साधारण जानेवारी ते मार्च, फ्रान्समध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे लेबलवर साल एकच असलं तरी आपली वाईन सहा-आठ महिन्यांनी मोठी.

जुन्या बाटल्या बहुतेक बोटीवर किंवा परदेशात असलेल्या कुणाकडून येतात (एअरपोर्टवर माणशी दोन लिटरची सूट आहे, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आरामात). दुकानातून घेत असाल तर काचेच्या शोकेसमधली, लाईटखाली उभी केलेली नको. कॅपसूलवर, म्हणजे बुचावरच्या वेष्टनावर, बोट फिरवा, कॉर्क वर आलेलं लागलं किंवा खाली चिकट ओघळ दिसला तर ठेवून द्या, भाव कितीही चांगला असो. दहा वर्षांच्या बाटलीत वाईन मानेपर्यंत असायला हवी, तीस वर्षांच्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या टोकापर्यंत उतरलेली चालते.

जुनी बाटली एक दिवस आधी उभी करून ठेवा, गाळ तळाला बसतो. आणि ते रूम टेंपरेचर वगैरे विसरा, आपली रूम तीस डिग्रीची, त्यात रेड नुसती नाकात झोंबते. 16 ते 18 डिग्री हवं, म्हणजे दीड-दोन तास फ्रीजमध्ये आणि ओतताना जरा थंडच वाटली तरी चालेल, ग्लासात दहा मिनिटांत वर येतेच. नवी वाईन तास-दोन तास आधी डिकँट करायची, म्हणजे दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवायची. जुनी मात्र अगदी वेळेवर, आणि ते काम घाईचं नाही: मोबाईलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली धरा, हात न थांबवता एका धारेत ओतत राहा, मानेत धुरासारखी काळी रेघ सरकताना दिसली की तिथेच थांबा, खालचे चार चमचे गेले तर गेले. जुनं कॉर्क स्क्रूने हमखास तुटतं, दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर बरा.

त्या संध्याकाळी डासांची कॉइल नको, उदबत्ती नको, अबोली चालेल पण मोगऱ्याचा गजरा त्या खोलीत नको. शागोती नंतर, कारण तिखटावर टॅनिन आणखी खरखरीत लागतं आणि अल्कोहोल जाळतं. मधे पोई (गोव्याचा पाव) आणि पाणी पुरे.

क्रमावर लोक वाद घालतात, मी जुनी आधी घेतो. तरुण कॅबर्नेने हिरड्या एकदा आवळल्या की पुढची नाजूक बाटली कळतच नाही, शिवाय खूप जुनी वाईन ग्लासात तासाभरात उतरायला लागते, तिला थांबवून कशाला ठेवायचं. माणशी 50 मिली खूप झालं.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेचा रंग बघा. नवीची कड जांभळी, जुनीची विटकरी, पार टोकाला पाणचट. मग न हलवता वास, मग हलवून. नवीत ब्लॅककरंट, पिकलेलं जांभूळ, लाकडाचा व्हॅनिला, आणि द्राक्ष नीट पिकलं नसेल तर ढोबळी मिरची, तो द्राक्षातल्या पायराझिन या घटकाचा वास, थंड सालात जास्त. जुनीत तंबाखू, पेन्सिल तासल्यावर येतो तो वास, चामडं, मशरूम, ओला पालापाचोळा. तोंडात घेऊन जरा थांबा, नवीचं टॅनिन काजूच्या बोंडूसारखं हिरड्यांना धरतं. वर्षानुवर्षं टॅनिन आणि रंगाचे रेणू एकमेकांना जोडले जातात, काही गाळ होऊन खाली बसतात, म्हणून ती पकड सुटते. अ‍ॅसिड मात्र राहतं, त्यामुळे चांगली मुरलेली वाईन मऊ असूनही तोंडात उभी राहते आणि गिळल्यावर चव बराच वेळ रेंगाळते.

शिजलेलीची कडही तपकिरीच दिसते, तिथेच माणूस फसतो. पण वास मुरांब्याचा, मनुकांचा, सगळा एकाच सुरात, आणि चव गिळल्याबरोबर संपते, बऱ्याचदा टॅनिन खरखरीत तसंच उरलेलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ते वेगळं, तो कॉर्कचा दोष, टीसीए नावाच्या रसायनाचा. फक्त पावसाळ्यात आपल्या कपाटातल्या ग्लासांनाही तसाच वास असतो, तेव्हा रिकामा ग्लास आधी हुंगा आणि मगच बाटलीला नाव ठेवा.

उरलेली नवी वाईन बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते, दुसऱ्या दिवशी कधीकधी जास्तच छान लागते. जुनी त्याच रात्री संपवा.