हाय-रेझोल्युशन संगीत संगणकावर अडखळत असेल तर दोष कसा शोधावा

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल वाजवताना आवाज मध्येच तुटला की पहिला संशय संगणकाच्या ताकदीवर जातो आणि घरात रॅम वाढवण्याची किंवा नवा लॅपटॉप घेण्याची भाषा सुरू होते. हा खर्च बहुतेक वेळा अनाठायी ठरतो. अशा स्टिरिओ फाइलमधून सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट माहिती डॅककडे (डिजिटल माहितीचे ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करणाऱ्या उपकरणाकडे) जाते, तर यूएसबी २.० ची मार्गक्षमता ४८० मेगाबिट आहे. म्हणजे बऱ्याच जुन्या संगणकालाही हे ओझे जड नाही. माहिती ठरलेल्या क्षणी पोहोचली नाही की आवाज तुटतो, आणि हा उशीर नेमका कोठे होतो ते शोधणे हेच खरे काम आहे.

जालना किंवा लातूरच्या वाचकाला बफर म्हणजे काय ते समजावण्याची फारशी गरज नाही. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून गच्चीवर टाकी भरून ठेवावी, तशी संगणक थोडी माहिती पुढची सोय म्हणून साठवून ठेवतो आणि डॅक त्यातून अखंड घेत राहतो. सॅम्पल म्हणजे ध्वनीचे एक मोजमाप, आणि १९२ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १,९२,००० सॅम्पल. ५१२ सॅम्पलचा बफर ४४.१ किलोहर्ट्झला ११.६ मिलिसेकंद पुरतो, पण तोच बफर १९२ किलोहर्ट्झला जेमतेम २.७ मिलिसेकंदांत रिकामा होतो. सीडीच्या दर्जाची फाइल सुरळीत वाजते आणि त्याच संगणकावर हाय-रेझ फाइल तडतडते, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

पायरी १ : आवाज ओळखावा

सेटिंग्जना हात लावण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते ऐकावे. तपासणीसाठी तानपुऱ्याचे किंवा संथ आलापीचे ध्वनिमुद्रण घ्यावे, कारण अखंड सुरात एखादी बारीक 'टिक'ही लपत नाही. ढोलकी-हलगीच्या गजरात ती सहज विरून जाते. खटका ऐकू आला की प्लेअरवरील वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि तोच भाग पुन्हा वाजवावा. खटका दर वेळी त्याच सेकंदाला येत असेल तर दोष फाइलमध्ये किंवा मूळ ध्वनिमुद्रणात आहे. प्रत्येक वेळी जागा बदलत असेल तर फाइल निर्दोष असून वाट अडखळते आहे.

आवाजाचा प्रकारही बरेच सांगून जातो. क्षणभराची टिक किंवा तडतड ही बफर रिकामा झाल्याची खूण असते. दोन-तीन सेकंदांची शांतता बहुधा इंटरनेट किंवा झोपी गेलेली हार्ड डिस्क दाखवते. मोठ्या स्वरावरच येणारी खरखर पातळी मर्यादेबाहेर गेल्यामुळे येते. अशा वेळी प्लेअरमधील इक्वलायझर बंद करावा आणि आवाज थोडा उतरवावा. गाणे थांबवल्यावरही चालू राहणारी गुणगुण मात्र विजेच्या बाजूची असते.

पायरी २ : फाइल आणि ती ठेवलेली जागा

फ्लॅक फाइलमध्ये (दर्जा न घटवता आकसलेल्या ध्वनीच्या फाइलमध्ये) मूळ ध्वनीची एमडी५ खूण, म्हणजे माहिती जशीच्या तशी आहे का हे ताडण्याचा आकडा, साठवलेली असते, त्यामुळे फूबार २००० सारख्या प्लेअरमधून फाइल शाबूत आहे की नाही हे तपासता येते. ती बिघडलेली निघाली तर पुन्हा उतरवून घेण्यावाचून इलाज नाही. फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर असेल तर ती लॅपटॉपच्या आतील डिस्कवर उतरवून पुन्हा ऐकावी. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी, विशेषतः मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त असलेल्या गावांतील श्रोत्यांनी, तेच गाणे डाउनलोड करून ऑफलाइन वाजवून पाहावे. खंड नाहीसा झाला तर पुढच्या पायऱ्यांची गरजच उरत नाही.

ब्लूटूथ हेडफोनवर हाय-रेझ फाइल अडखळते अशी तक्रार असेल तर आधी तार लावून ऐकावे. ब्लूटूथमधून आवाज आकसूनच जातो (आवाज आकसण्याच्या एलडॅक या पद्धतीची कमाल मर्यादाही सेकंदाला ९९० किलोबिट आहे) आणि २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायशी त्याची हवेतच धक्काबुक्की होते.

पायरी ३ : केबल आणि पोर्ट

डॅक यूएसबी हबमधून काढून थेट संगणकाला जोडावा, आणि डेस्कटॉप असेल तर समोरच्या पोर्टऐवजी मागच्या बाजूला, मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये. लांब केबलऐवजी आखूड केबल वापरावी. एका वेळी एकच बदल करावा. केबल, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदलले तर आवाज सुधारतो, पण कशामुळे ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डॅक जुना असेल तर त्याचे माहितीपत्रकही चाळावे, कारण यूएसबी ऑडिओ क्लास १ या जुन्या मानकावरचे डॅक २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाहीत.

पायरी ४ : विंडोजची मांडणी

विंडोजमध्ये सर्व आवाज एका सामायिक मिक्सरमधून जातात आणि तेथे ठरवलेल्या एकाच सॅम्पल रेटमध्ये (सेकंदाला किती सॅम्पल या दरात) बदलले जातात. हा टप्पा टाळण्यासाठी प्लेअरच्या आउटपुटमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (मिक्सर टाळून डॅक एकट्या प्लेअरच्या ताब्यात देणारी विंडोजची सोय) किंवा, डॅकच्या कंपनीने दिला असल्यास, आसिओ (त्याच कामाचा वेगळा ड्रायव्हर) हा पर्याय निवडावा. कंट्रोल पॅनेलमधील 'साउंड' उघडून डॅकच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'ॲडव्हान्स्ड' या भागात एक्सक्लुझिव्ह कंट्रोलची परवानगी दिलेली असावी आणि 'एन्हान्समेंट्स' बंद असावीत. विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ या पुढच्या मानकाचा ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो, तरी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर उपलब्ध असेल तर तो बसवून फरक पाहावा.

त्यानंतर वीज वाचवण्याच्या सोयी पाहाव्यात. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' करावा, त्याच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'ला वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची दिलेली मुभा काढून घ्यावी. लॅपटॉप चार्जरवर असताना नीट वाजतो आणि बॅटरीवर तडतडतो, अशा तक्रारीची पाळेमुळे बहुतेक येथेच सापडतात.

पायरी ५ : अडवणारा ड्रायव्हर शोधावा

एवढे करूनही टिक राहिली तर संगणकातलाच कोणता तरी ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतो आहे असे समजावे. लेटन्सीमॉन हा प्रोग्राम सुरू करून गाणे लावावे आणि पंधरा-वीस मिनिटे संगणकाला हात लावू नये. प्रोग्राम सर्वाधिक वेळ घेणाऱ्या ड्रायव्हरचे नाव दाखवतो. 'एनडीआयएस' दिसले तर संशय नेटवर्कवर, म्हणजे बहुधा वायफायवर घ्यावा. 'एनव्हीएलडीडीएमकेएम' हा एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आहे. 'एसीपीआय'चा संबंध वीज व बॅटरीच्या व्यवस्थेशी असतो. पडताळणी सोपी आहे: विमान मोड चालू करून तेच गाणे ऐकावे. टिक थांबली तर गुन्हेगार सापडला. मग वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावा, किंवा ऐकण्याच्या वेळेपुरते वायफाय बंद ठेवावे. माझ्या मते दुसरा मार्गच अधिक शहाणपणाचा आहे, कारण गाणे ऐकताना येणाऱ्या सूचनांचाही त्रास वाचतो.

बफर वाढवण्याचे काम मी मुद्दाम येथपर्यंत मागे ठेवले आहे. आसिओच्या पॅनेलमध्ये तो ५१२ वरून १०२४ किंवा २०४८ सॅम्पल केला की तडतड बहुधा थांबते आणि केवळ ऐकणाऱ्याला किंचित विलंबाने काही बिघडत नाही; परंतु आधीच वाढवला तर मूळ दोष झाकला जातो. मॅकवर एवढी यातायात सहसा लागत नाही. 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये सॅम्पल रेट फाइलशी जुळवावा.

पायरी ६ : ऊन, धूळ आणि अर्थिंग

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा धुळीने पंखा गुदमरलेला लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. फाइल वाजवण्याचा भार तरीही किरकोळच असतो, परंतु प्लेअरमध्ये अपसॅम्पलिंग (सॅम्पल रेट वाढवणे) किंवा डीएसडी या वेगळ्या ध्वनिस्वरूपातले रूपांतर चालू असेल तर तडतड दुपारीच सुरू होते. अशा वेळी ही रूपांतरे बंद करावीत आणि पंख्याची जाळी साफ करून घ्यावी.

गुणगुणीचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. गुणगुण थांबली तर चार्जर आणि अर्थिंग यांच्याकडे पाहावे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालावे आणि जोडणी गंजली असल्यास ती वायरमनकडून तपासून घ्यावी. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा उपाय जिवावर बेतू शकतो, तो कधीही करू नये. भारनियमनात इन्व्हर्टरवर आल्यावरच घरघर सुरू होत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा (गुळगुळीत लहरींऐवजी चौकोनी लहरींची वीज देणारा) आहे का ते पाहावे.

गाण्याची पहिली अक्षरे कापली जाणे किंवा दोन गाण्यांच्या मध्ये एकच 'टक्' होणे याच्यासाठी मात्र वरीलपैकी काहीही करू नये. ४४.१ वरून ९६ किलोहर्ट्झवर जाताना अनेक डॅक क्षणभर आवाज बंद करून सॅम्पलची गती ठरवणारे आतले घड्याळ बदलतात. प्लेअरमध्ये गाण्याच्या आरंभी थोडी शांतता जोडण्याची सोय असल्यास ती वापरावी, किंवा एकाच सॅम्पल रेटच्या फाइल एका यादीत ठेवाव्यात.