अ‍ॅन्सिबलने स्क्रिप्ट चालवताना ‘क्रिएट्स’ विसरू नका

एकच शेल स्क्रिप्ट वीस-पंचवीस सर्व्हरवर चालवायची असेल, तर ती आधी प्रत्येक मशीनवर कॉपी करत बसू नका. अ‍ॅन्सिबल या अनेक सर्व्हर एकाच जागेवरून हाताळणाऱ्या साधनाचं ‘स्क्रिप्ट’ मॉड्यूल तुमच्याकडची फाइल स्वतःच पलीकडे नेऊन चालवतं. पलीकडे पायथन नसलं तरी अडत नाही. फक्त प्लेबुकमध्ये, म्हणजे कामांची यादी असलेल्या फाइलमध्ये, ‘गॅदर फॅक्ट्स’ला (सर्व्हरची माहिती आधी गोळा करण्याच्या पायरीला) ‘नो’ करा, कारण त्या पायरीला पायथन लागतंच.

खरी गोम पुढे आहे. प्लेबुक पुन्हा चालवलं की स्क्रिप्टही पुन्हा पहिल्यापासून चालते. डेटाबेसला हात लावणारी स्क्रिप्ट असेल तर हे महागात पडतं. म्हणून या मॉड्यूलच्या ‘क्रिएट्स’ या पर्यायात त्या सर्व्हरवरच्या एका खुणेच्या फाइलचा पत्ता द्या. ती फाइल सापडली की अ‍ॅन्सिबल ते काम सोडून पुढे जातं. पण ही फाइल स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत तयार करा आणि सुरुवातीला ‘सेट -ई’ लिहा, म्हणजे आज्ञा फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. नाहीतर मधली एखादी आज्ञा फसूनही खूण उमटते आणि अर्धवट काम पूर्ण झाल्यासारखं दिसतं.

पहिल्यांदा चालवताना ‘लिमिट’ हा पर्याय देऊन एकाच मशीनवर बघा. एरवी अ‍ॅन्सिबल एकावेळी पाच मशीनवर काम सुरू करतं.